तुझा अर्ज आणि सिंकवरचा गिझर

शैला,

तू दोन वर्षं मागत होतीस ते काम काल अडीच तासांत झालं. पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक उचलले, खड्डा घेतला, इमारतीचं नवीन अर्थिंग बसलं. चहासुद्धा एकदाच करावा लागला. तुला जाऊन काल तेवीस दिवस झाले होते.

पुण्यानुमोदनाला तुझ्या आयटीआयमधली माणसं आली होती. तुझ्याकडे तारा जोडायला शिकलेले पन्नाशीचे पुरुष भिंतीला टेकून डोळे पुसत होते. बुद्धवंदना झाली, भन्तेजी बोलले, मग एकेकजण उठून बोलू लागला. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात सगळी मुलं आणि तू एकटी मुलगी, ही गोष्ट चौघांनी सांगितली, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत मुलांचा आकडा वाढत गेला. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "अजून दोन भाषणं झाली तर आख्खा येरवडा माझ्या वर्गात बसवतील." मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवत नाही. दुःख होतंच. पण मला जे बोलायचं होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं. ते इथं लिहितो.

आपलं लग्न झालं त्यानंतरचा पहिला रविवार तुला आठवत असेल. मी विचारलं, कुठं जाऊ या? मनात सारसबाग होती. तू मला तपकीर गल्लीत नेलंस. त्या एवढ्याशा बोळात दोन्ही बाजूंना वायरींची भेंडोळी, होल्डर, पंखे, आणि मधून तू अशी चाललेली जशी दुसरी बाई तुळशीबागेत चालते. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, कुठली वायर दाखवू?" तू म्हणालीस, "साहेबांना पोस्टाची तिकिटं दाखवा. वायर मला दाखवा." तिथून मंडईत जाऊन मेथी घेतली आणि वायरच्या भेंडोळ्यावर ठेवून घरी आणली. मी पोस्टातला कारकून. माझ्या आयुष्यात त्याआधी एवढं धाडस कोणी केलं नव्हतं.

विश्रांतवाडीच्या या घरात तीस वर्षांत वायरमन आला नाही. सगळं तू केलंस. मी स्टूल धरायचो. तू वरून म्हणायचीस, "स्टूल धरा, माझ्याकडे बघू नका." मी दोन्ही करायचो.

मग मी निवृत्त झालो. सकाळी डबा घेऊन कुठं जायचं नाही, हे मला जमेना. तूच म्हणालीस, सोसायटीचं सचिवपद रिकामं आहे, घ्या. बारा घरांची सोसायटी, पण मी ती मुख्य पोस्ट ऑफिससारखी चालवली. आवक रजिस्टर, जावक रजिस्टर, शिक्का. आणि मी पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. आधी पार्किंगमध्ये गाड्यांची चाकं मातीत रुतायची. तीन दिवस मी छत्री घेऊन उन्हात उभा राहिलो, एकेक ब्लॉक रेषेत बसवून घेतला. पुढच्या सभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टात चौतीस वर्षांत माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. तू मागच्या रांगेत बसली होतीस. तूही वाजवलीस.

त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. सिंकवरचा छोटा गिझर लावून मी भांडी धूत होतो. नळाला हात लागला आणि बोटांत झिणझिण्या आल्या. मी तुला सांगितलं ते सहज, गंमत म्हणून. तू हातातलं पीठ तसंच ठेवून आलीस आणि मला खांद्याला धरून बाजूला केलंस. दिव्याचा होल्डर आणि दोन वायरी घेऊन तपासलंस. दिवा एका जोडणीला लागला, दुसऱ्या जोडणीला लागला नाही. तू मेन बंद केलास आणि खुर्चीवर बसलीस.

"गिझर जुना झालाय, तो गळतोय. तो बदलता येईल," तू म्हणालीस. "पण इमारतीचं अर्थिंग गेलंय. ते वाईट आहे."

मला कळलं नव्हतं. तू समजावलंस. उपकरणात कुठंतरी वीज गळली तर तिला जमिनीत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे अर्थिंग. "वाट नसेल तर वीज थांबून राहत नाही. ती माणूस शोधते."

आपल्या बोर्डात तू गळती ओळखून वीज तोडणारा स्विच केव्हाच बसवला होतास. मी म्हणालो, मग काळजी कसली? तू म्हणालीस, तो दुसरा पहारेकरी. पहिला झोपला म्हणून दुसऱ्यावर घर सोडायचं नसतं. शिवाय बाकीच्या घरांत तो दुसराही नव्हता. तू अकराही घरी जाऊन सांगून आलीस. लोकांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि विसरून गेले. सचिवच गप्प आहे म्हटल्यावर घाबरायचं कशाला?

तू स्वतःपुरता खड्डा खणून घेऊ शकली असतीस. मी तसं सुचवलंही. "एका घराचं नको. बारा घरांचं करा," तू म्हणालीस, आणि रीतसर अर्ज लिहिलास. जेवणाच्या टेबलावर मला दिलास. मी रीतसर पोच दिली, शिक्क्यासकट. त्या वेळी आपण दोघं हसलो होतो.

तो अर्ज मी दोन वर्षं पुढच्या सभेवर ढकलला. तुला सांगितलं ते कारण असं: सचिवाच्या बायकोचा अर्ज आधी घेतला तर लोक बोलतील. तुला ते पटत नव्हतं, पण माझा स्वभाव म्हणून तू ते सोसत होतीस. खरं कारण मी तुला कधी सांगितलं नाही. खड्डा घ्यायचा म्हणजे ब्लॉक उखडावे लागणार होते. माझे ब्लॉक. पुन्हा बसवले की ते पहिल्यासारखे रेषेत बसत नाहीत. एवढंच. एवढंसंच कारण होतं, शैला.

गिझर तू बंद करून टाकलास. आपण पातेल्यात पाणी तापवायला लागलो. चाललं होतं.

मग तुझ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. त्या औषधानं तुला थंडीच सोसेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थंड पाण्याला, थंड वस्तूला हात लावायचा नाही. फ्रिजमधून दूध काढायला तू लोकरी मोजे घालायचीस. एकदा विसरून तू सिंकच्या नळाखाली कोथिंबीर धरलीस आणि तुझ्या तोंडून आवाज निघाला. नंतर म्हणालीस, "सुया नाहीत, काचा भरल्यासारखं वाटतं." आयुष्यभर विजेच्या तारा हाताळलेली तुझी बोटं, आणि ती नळाला घाबरायला लागली. मी म्हणालो, तू स्वयंपाकघरात येऊच नकोस. तू माझ्याकडे बघितलंस. बसून राहणं तुला आजारापेक्षा कठीण होतं, हे मला कळायला हवं होतं.

म्हणून मी नवा गिझर आणला. तू तिसऱ्या केमोला दवाखान्यात होतीस. आपली लेक तृप्ती तुझ्याजवळ थांबली होती, मी घरी आलो होतो. दुकानाच्या माणसानं दहा मिनिटांत जुना काढला, नवा लावला. मी पाणी सोडून बघितलं. गरम आलं. मला वाटलं, तू घरी येशील, नळ सोडशील आणि बराच वेळ हात पाण्याखाली धरून उभी राहशील. मी ते मनात किती वेळा बघितलं होतं.

तू घरी आलीस, स्वयंपाकघरात गेलीस आणि नळाकडे न बघता प्लगकडे बघितलंस.

"हा कोणी लावला?"

"दुकानाचा माणूस होता. चांगला होता."

"उघडा."

मी प्लग काढून उघडला. आत दोनच वायरी जोडलेल्या होत्या. अर्थिंगची हिरवी मागं दुमडून वर टेप गुंडाळली होती.

"तो म्हणाला, बिल्डिंगला अर्थिंगच नाही, तर जोडून काय उपयोग?" मी म्हणालो.

"बरोबर बोलला," तू म्हणालीस. "मग गिझर कशाला लावलात?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी करायचं ते टेबलाच्या खणात पडलंय दोन वर्षं."

मी चिडलो. तुझ्यासाठी एवढं केलं, आजारी आहेस म्हणून गप्प बसतो, असलं काहीतरी बोललो. तू आवाज चढवला नाहीस. "सचिवसाहेब," तू म्हणालीस, "मी तुमची बायको म्हणून माझा अर्ज सगळ्यात खाली. मी गेले की शोकप्रस्ताव मात्र पहिल्या क्रमांकावर घ्याल." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपलीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला हाक मारलीस. अंगावर शाल, हातात ते लोकरी मोजे, आणि स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकची खुर्ची. "या. स्टूलवर आज तुम्ही," तू म्हणालीस. "माझ्या बोटांत स्क्रू धरवत नाही. अर्थिंग होईल तेव्हा होईल, पण माझ्या घरात अशी जोडणी राहणार नाही."

मी मेन बंद करायला निघालो.

"थांबा. आधी टेस्टर चालू सॉकेटमध्ये लावा. लागतोय दिवा?"

"लागतोय."

"आता मेन बंद करा आणि परत तिथंच लावा."

"नाही लागत. पण आधी कशाला लावायला सांगितलंस?"

"टेस्टरच मेलेला असला तर त्याला सगळ्या तारा मेलेल्याच दिसतात. आता मेनवर कागद चिकटवा. काम चालू आहे, हात लावू नये."

"घरात आपण दोघंच आहोत."

"आपण दोघंच असताना तुम्ही न विचारता किती बटणं दाबलीत, मोजू का?"

मी कागद चिकटवला. मग सॉकेट उघडलं, स्क्रू घट्ट केले, प्लगमधल्या वायरी नव्यानं सोलल्या. माझ्या हातून एक वायर जास्त सोलली गेली. तू म्हणालीस, कापा, परत सोला. परत जास्त गेली. परत कापा. तू एकदाही "द्या इकडे" म्हणाली नाहीस. हिरवी वायर बाकीच्या दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायला लावलीस. मी कारण विचारलं.

"कधी वायर ओढली गेली तर बाकीच्या आधी सुटू देत," तू म्हणालीस. "राखण करणारी शेवटी सुटली पाहिजे."

प्रत्येक स्क्रू आवळला की मला वायर ओढून बघायला लावायचीस. ओढा. अजून ओढा. सुटली असती तर आत्ता सुटली असती, आता बसवा झाकण. तीस वर्षं मी तुझं स्टूल धरलं, पण तुला शिकवताना कधी बघितलं नव्हतं. भिंतीला टेकून रडणारी ती माणसं का रडत होती, ते मला त्या दुपारमुळे कळलं. शैला, तुझ्या आजारपणाच्या सात महिन्यांतली तेवढी एक दुपार मला पुन्हा हवी आहे.

काम संपल्यावर तू तो प्लग सॉकेटमध्ये लावू दिला नाहीस. सॉकेटवर चिकटपट्टी लावायला सांगितलीस. "आता राहिलं ते जमिनीत आहे. ते तुमच्याकडे." मी म्हणालो, या सभेत नक्की. वार्षिक सभा तोंडावर होती, निवडणूक होती. एक फोन करून मी दुसऱ्या दिवशी माणसं बोलावू शकलो असतो. सचिवाला तेवढा अधिकार असतो. मी सभेची वाट बघितली. सभेच्या चार दिवस आधी तुला ताप भरला आणि आपण दवाखान्यात गेलो. सभा मी रद्द केली. तू परत आली नाहीस.

शेवटचा संपूर्ण हिवाळा मी तुझ्यासाठी पातेल्यात पाणी तापवलं, असं मी लोकांना सांगत होतो. लोक म्हणाले, किती सेवा केलीत.

पुण्यानुमोदनानंतर दोन दिवसांनी सभा झाली. पहिल्या क्रमांकावर शोकप्रस्ताव. तो मीच वाचला, दुसरं कोण वाचणार? दुसरा विषय अर्थिंग. कोणी प्रश्न विचारला नाही. कोणीतरी म्हणालं, "मॅडमची शेवटची इच्छा होती, करून टाकू." सगळ्यांनी हात वर केले. मला सांगायचं होतं की ती इच्छा नव्हती, तो अर्ज होता. मी इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असं लिहिलं.

काम मीनलनं केलं. तुझी विद्यार्थिनी, आता स्वतःचे परवाने असलेली, हाताखाली चार माणसं असलेली. तिनं मीटरच्या खोलीपासून जमिनीत जाणारी अर्थिंगची लोखंडी पट्टी शोधली आणि तिच्या रेषेत ब्लॉक उचलायला लावले. मी बाजूला उभा होतो. हातभर खाली पट्टी दिसली. मला वाटत होतं, गंजून गेली असेल. चाळीस वर्षांची इमारत आहे. पट्टी गंजली नव्हती. ती कापलेली होती. साफ, दोन्ही टोकं सरळ, मधला वीतभर तुकडा काढून टाकलेला.

तेव्हा मला आठवलं. ब्लॉक बसवण्याचा तिसरा दिवस. कामगार म्हणाला होता, "साहेब, इथं एक पट्टी वर येतीय, लेव्हल बसत नाही." मी छत्रीखालून वाकून बघितलं होतं. आणि म्हणालो होतो, "जुनं काहीतरी असेल. कापून टाका."

मी उचललेल्या ब्लॉकच्या ढिगावर बसलो. मीनलनं पाणी दिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, ते मला दिसलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

तिनं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाली, "काका, गेल्या वर्षी मॅडमनी मला मीटर घेऊन बोलावलं होतं. तुम्ही घरी नव्हता. पट्टी ब्लॉकखाली तुटलीय, हे तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस मला?"

"मी म्हटलं होतं, काकांना सांगा, म्हणजे लगेच करतील. त्या म्हणाल्या, 'त्यांना नको सांगूस. रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे ते ब्लॉक सोडून दुसरं काही नाही. अर्ज दिलाय मी. त्यावर करतील ते.'"

शैला, तू त्या भांडणातही हे बोलली नाहीस. भिंतीकडे तोंड करून झोपलीस तेव्हा हे तुझ्या पोटात होतं. टाळ्यांचं राहू दे म्हणून तू गप्प राहिलीस आणि माझ्या हातून ते काम नुसत्या अर्जावर होईल अशी वाट बघितलीस. तुला माझ्याविषयी किती खात्री होती, आणि ती किती चुकीची होती. मी तुला एका अर्जाइतकाही पुरा पडलो नाही.

नवी पट्टी जोडली, मीनलनं मोजून बघितलं, चांगलं आलं म्हणाली. वर येऊन सॉकेटवरची चिकटपट्टी तिनं मला काढायला लावली. गिझर चालू केला. पाणी गरम आलं. मी नळ बंद केला.

मीनल गेल्यावर मी शर्ट बदलला आणि घरोघर गेलो. अकराही घरं. दारात उभं राहून प्रत्येकाला सांगितलं, "दोन वर्षं तुमच्या घरात अर्थिंग नव्हतं. ब्लॉक बसवताना पट्टी मी कापायला लावली होती. नंतर अर्ज आला तो मी दाबून ठेवला. इमारतीत लहान मुलं आहेत. माफी मागायला आलोय."

शैला, कोणी मला बोल लावला नाही. पहिल्या मजल्यावरच्यांनी खुर्ची दिली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, काही झालं नाही ना, मग झालं." कोणी म्हणालं, तुमचं दुःख ताजं आहे, असले विचार करू नका. एकानं मला मिठी मारली. सचिवपदाचा राजीनामा लिहून नेला होता, तो अध्यक्षांनी घेतलाच नाही. म्हणाले, तुमच्याइतकं मनापासून कोण करतं? तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या घरातून मला शिऱ्याची वाटी मिळाली.

ती वाटी घेऊन मी खाली आलो, कुलूप काढलं, आत येऊन उभा राहिलो. बारा घरांच्या या इमारतीत मी काय केलं ते नीट कळणारं, आणि मला त्याबद्दल बोलायचा हक्क असणारं एकच माणूस होतं. मी बराच वेळ वाट बघत उभा राहिलो, कोणीतरी मला रागवावं म्हणून.